जेनेरोसाची जीभ

जेनेरोसाच्या जिभेला अमेझॉनच्या जंगलातल्या वाउपेस नदीच्या दोन्ही काठांवरचे लोक भिऊन असत. तिने एखाद्याला नाव ठेवलं की ते त्याला जन्माचं चिकटायचं. धाकट्या दिराच्या पोटात गुपित राहत नाही म्हणून तिने त्याला 'चाळण' म्हटलं, तर आता त्याची नातवंडंसुद्धा चाळणीची म्हणूनच ओळखली जातात. पाद्री आला तर त्याच्या चालण्यावरून, मास्तर आला तर त्याच्या चष्म्यावरून आणि कुणीच आलं नाही तर नवऱ्यावरून, असं तिचं दिवसभर चाललेलं असे. नवरा क्लेतो शांत माणूस. साबुकंदाच्या भाकरीचा तुकडा मिरचीच्या कालवणात बुडवत तो म्हणायचा, "माझी झाली ना आजची? मग आता दुसऱ्याला घे."

कामाला मात्र बाई खमकी. सत्तरी उलटली तरी पाठीवर साबुकंदाची टोपली घेऊन मळ्यातून यायची, सोलायची, किसायची, वेताच्या लांब पिळणीत घालून त्याचं विषारी पाणी काढायची, आणि तव्यावर भाकरी टाकता टाकता तोंडाचा पट्टा चालूच. बायका तिच्याभोवती बसायच्या त्या निम्म्या मदतीला आणि निम्म्या करमणुकीला. तिच्या तावडीत आपण सापडलो नाही ना, एवढंच जो तो बघायचा.

एका नावाची मात्र तिने स्वतःच इतकी धास्ती घेतली होती की कित्येक वर्षांत ते तिच्या तोंडातून निघालं नव्हतं. ते नाव होतं 'तान्हा', आणि ते तिने आपल्या सख्ख्या भाच्याला दिलं होतं.

त्या नदीवर नवऱ्याची बोली आणि बायकोची बोली वेगळी असावीच लागते. ज्यांची बोली एक ते भाऊबहीण. त्यांच्यात सोयरीक करायची तर आधी तोंडाला काळं फासून घ्यावं. पोरं बापाची, आणि पोरांची बोलीही बापाची. मांडीवर असताना पोर आईच्या बोलीत बोबडं बोलतं, पण स्वतःच्या हाताने खायला लागलं की बाप त्याला आपल्या बाजूला ओढून घेतो. आईची बोली पुढे कळते सगळी, पण ती बोलायची नसते. ती मामाच्या घरची वस्तू.

जेनेरोसा धबधब्यावरच्या लोकांची लेक आणि तुकानोंची सून. तुकानो उदंड, त्यांची बोली नदीभर, बाजारात आणि बोटींवर चालते. धबधब्यावरचे लोक मुळातच थोडे. त्यांतले काही रबरवाल्यांनी मजुरीला ओढून नेले, काही गोवराने नेले, आणि उरलेल्यांची पोरं मिशनच्या सिस्टरांच्या वसतिगृहात गेली. तिथे आपल्या बोलीत बोलल्याबद्दल सिस्टर गुडघ्यावर उभं करायच्या. गुडघे सोलले तसे लोक गप्प झाले. आता ती बोली अडखळल्याशिवाय बोलणारी दोनच माणसं राहिली होती: जेनेरोसा आणि तिचा थोरला भाऊ कांदिदो. कळणारी अजून चारदोन होती, पण ती नुसती मान हलवायची.

तिला स्वतःला पाच मुलं झाली. पाचही तुकानो. आईचं बोलणं त्यांना समजायचं आणि ती बापाच्या बोलीत उत्तर द्यायची, रीतीप्रमाणे. जे तिच्याजवळ होतं ते पुढे द्यायचा हक्क तिला नव्हता. तो हक्क कांदिदोला, आणि कांदिदोला मुलगा एकच, फाउस्तिनो.

ते द्यायचं म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. खरी गोष्ट होती ती होडीची. पहिले पूर्वज नदीतून वर आले, कुठल्या कुठल्या ठाण्यांवर थांबले, कुठल्या खडकापाशी तंबाखू मिळाली, कुठल्या डोहापाशी मिरची, आणि शेवटी धबधब्यापाशी माणसांची नावं कशी मिळाली, हे सगळं एका दमात म्हणायचं असतं. मूल जन्मलं की याच होडीतून त्याचं नाव आणतात. जेनेरोसाचा बाप कांदिदोला समोर बसवून ते शिकवायचा. मुलींना ऐकायची बंदी नव्हती, पण त्यांना बसवून शिकवायचीही पद्धत नव्हती. जेनेरोसा ताडाच्या पानांच्या कुडापलीकडे साबुकंद किसत बसे आणि कान इकडे ठेवी. कांदिदो अडला की तिला पुढचं आधीच आलेलं असे. बापाला हे ठाऊक होतं. तो एकदा म्हणाला होता, "ही पोरगा असती तर." ते शब्द तिने मिरवले आणि त्यांचंच तिला आयुष्यभर खुपत राहिलं.

फाउस्तिनोची आई तो लहान असताना दुखण्याने अंथरुणाला खिळली होती, म्हणून पोरगा आजोळी, तुकानोंकडे, वाढला. बापाच्या बाजूला आला तेव्हा चांगला मोठा झालेला. मग कांदिदोने त्याला रोज होडीत बसवून, मासे मारता मारता, सगळं शिकवलं. पोराने मनापासून केलं. शब्द आले, पण बोलण्याचा हेल राहिला आईच्या माणसांचा. वाक्य शेवटाला जरासं वर जायचं, अंगाई म्हणावी तसं.

आणि मग व्याह्यांची पंगत आली. तिला तिकडे दाबुकुरी म्हणतात. पाहुण्यांनी धुरावलेले मासे आणायचे, यजमानांनी साबुकंदाची आंबवलेली काशिरी पाजायची, आणि त्याआधी दोन्हीकडच्या एकेका पुरुषाने उभं राहून आपापल्या बोलीत आपापल्या पूर्वजांची होडी म्हणून दाखवायची. पाहुणे होते जेनेरोसाच्याच सासरचे तुकानो. त्यांच्याकडच्या म्हाताऱ्याने त्यांची होडी दणक्यात म्हटली. मग फाउस्तिनो उभा राहिला. विशीतला पोरगा, अंगावर बापाचा, जनावराच्या दातांचा पट्टा, आवाज थरथरत होता. पहिली तीन ठाणी तो नीट बोलला. मग आवाज मोकळा झाला आणि हेल वर आला.

जेनेरोसा बायकांच्या बाजूला भोपळ्याचा वाडगा हातात घेऊन बसली होती. सासरची माणसं तिच्याकडे बघत होती, आता ही काय म्हणते म्हणून. त्यांना दाखवायला हवं होतं की आपल्या बापाच्या घरी खरं-खोटं कळणारी एकजण अजून आहे. आणि आतून काहीतरी दुसरंही उसळलं: जे आपल्याला कुडाआडून चोरून घ्यावं लागलं ते याला ताटात वाढून दिलं, आणि हा ते असं सांडतोय. ती मोठ्याने म्हणाली, "अगं बायांनो, कुणीतरी त्याला पाजायला घ्या गं. तान्ह्याला भूक लागलीय."

सगळी पंगत हसली. तुकानो सगळ्यांत जास्त हसले. एकाने काशिरी नाकातून सांडली. फाउस्तिनो थांबला. त्याने पुढचं आठवत असल्यासारखं जमिनीकडे बघितलं. आठवत सगळं होतं. मग कांदिदो उठला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि होडी जिथे अडली होती तिथून धबधब्यापर्यंत स्वतः नेली.

त्या दिवसानंतर फाउस्तिनोने बापाच्या बोलीत एक शब्द उच्चारला नाही. कांदिदो आपल्या बोलीत बोले, मुलगा तुकानोत उत्तर देई. बापाच्या घरी आईच्या, मामाच्या बोलीत बोलणारा मर्द म्हणजे नदीभर हसं. तरी त्याने ते पत्करलं, पण बापाच्या बोलीत पुन्हा तोंड उघडलं नाही. 'तान्हा' हे नाव मात्र वर-खाली सगळीकडे पोचलं. पुढे तो खाली साओ गाब्रिएल शहरात गेला, बोटींच्या मोटरी दुरुस्त करायला लागला, तिथेच लग्न केलं. त्याला निल्तो झाला. निल्तोशी ती बोली कुणी बोललंच नाही, त्यामुळे त्याला ती येण्याचा प्रश्नच नव्हता.

कांदिदोने बहिणीला कधी बोल लावला नाही. त्याने दोन शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. तो दर वर्षी तिच्या गावी यायचा, दोघं ओट्यावर बसून आपल्या बोलीत तासन् तास बोलायची, आणि फाउस्तिनोचा विषय निघाला की तो म्हणायचा, "बरं आहे त्याचं. हात चांगला आहे मोटरीवर." एवढंच. ती घरात जाऊन भाकऱ्या जाळायची. क्लेतो करपलेली भाकरी मुकाट्याने खायचा.

या वर्षी कांदिदोचं अर्धं अंग गेलं. तोंडही अर्धं वाकडं झालं. बापाचं करायला फाउस्तिनो गावी परतला. त्याची बायको आधीच गेलेली. निल्तो आणि त्याची तुकानो बायको ओडिलियाही त्याच्याबरोबर आले. तिथेच ओडिलियाला मुलगा झाला. खालच्या बोटवाल्याने निरोप आणला: कांदिदो पणजोबा झाला, बहिणीला बोलावलंय. जेनेरोसाने क्लेतोला सांगितलं, "महिनाभर राहीन. दादाशी बोलून घेईन." बोलून घेईन म्हणजे काय ते क्लेतोला कळलं. तो होडीला मोटर बांधायला लागला.

कांदिदो टांगलेल्या झोळीत आडवा होता. तिला बघून त्याच्या चेहऱ्याची अर्धी बाजू हसली. बोलणं फुटत नव्हतं, शब्द ओठांच्या कडेतून गळायचे. पण तिला सगळं कळत होतं. तो म्हणत होता, नावाचं काय करायचं. बाळ जन्मलं त्या दिवसापासून बाळ-बाळंतीण घरातच होती. नाव येईपर्यंत नदीवर न्यायचं नसतं. आणि होडी म्हणायला दम लागतो, जीभ लागते. कांदिदोने आपल्या वाकड्या तोंडाकडे बोट केलं आणि मग दाराकडे, जिथे फाउस्तिनो मोटर उघडून बसला होता.

जेनेरोसा बाहेर आली. भाच्याचे केस पांढरे झाले होते. ती आपल्या बोलीत म्हणाली, "फाउस्तिनो, तुझ्या बापाच्याने आता व्हायचं नाही. नाव तुलाच आणावं लागेल."

"मला?" तो तुकानोत म्हणाला. फडक्याने एकेक बोट पुसत होता. "तान्ह्याला कुठं बोलता येतं, आत्या."

आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं.

"इतक्या वर्षांचं मनात धरून बसलास?"

"मनात नाही गं धरलं. जिभेनं धरलंय. मी तिला सांगून बघितलं, ती ऐकत नाही."

"मग पोराचं काय करायचं? असंच घरात कोंडून ठेवायचं?"

"तू म्हण की. तुझ्याइतकी शुद्ध बोली कुणाची आहे? बाबांचीही नाही."

आता म्हणून टाकावं, चुकलं माझं, असं तिच्या ओठांवर आलं. पण कुठल्या बोलीत म्हणायचं? ज्या बोलीत त्याची टर उडवली त्या बोलीत तो उत्तर देणार नाही, आणि तुकानोत म्हणायचं तर बापाच्या घरच्या माणसाशी ती आजवर परक्या बोलीत एक शब्द बोलली नव्हती. तो तिचा अभिमान होता. ती म्हणाली, "तेल गळतंय बघ तिकडून," आणि आत निघून गेली. आयुष्यभर ज्या बाईला शब्द कमी पडला नव्हता तिला तेलाशिवाय काही सुचलं नाही.

भावाबहिणींनी मग एक तोड काढली. जेनेरोसाने झोळीशेजारी बसून म्हणायचं, कांदिदोने वाडग्यावर हात ठेवायचा आणि शेवटी तंबाखूचा धूर फुंकायचा. शब्द तिचे, श्वास त्याचा. क्लेतोने डोकं खाजवलं.

"बाईमाणसानं? असं कधी झालंय का?"

"सांगायला दुसरा कोण आहे? तू म्हणतोस?"

"माझी होडी दुसऱ्याच्या घरी जाते," क्लेतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओडिलियाचे आईवडील आणि काका मासे घेऊन आले. सगळे घरात भिंतीला टेकून बसले. ओडिलिया बाळाला पाजत होती. फाउस्तिनो दारात, अर्धा आत अर्धा बाहेर. साबुकंदाच्या कोमट पेजेचा वाडगा कांदिदोच्या हाताखाली ठेवला. होडी एकदा सुरू केली की मध्ये सोडायची नसते, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होतं. होडी जिथे थांबेल तिथेच नाव बसून राहतं, आणि ते मूल जन्मभर अर्धवट राहतं. एखादा माणूस मंद निघाला तर नदीवर म्हणतात, याची होडी वाटेत अडली.

जेनेरोसाने सुरुवात केली आणि पहिल्या दोन ठाण्यांतच घर तिच्या आवाजाने भरून गेलं. असा आवाज त्या घरात वर्षानुवर्षं लागला नव्हता. कांदिदोचे डोळे ओले झाले. तिलाही चढलं. तिला बाप दिसला, कूड दिसला, आणि आपण या बाजूला बसलो आहोत, कुडाच्या आत, असं वाटून तिची पाठ ताठ झाली. तंबाखूचा खडक झाला. मिरचीचा डोह झाला. नदीने वळण घेतलं, आणि वळणानंतरच्या ठाण्याचं जे नाव तिच्या तोंडून निघालं ते ऐकून ओडिलियाच्या काकाने झटकन मान वर केली.

ते त्यांचं होतं. तुकानोंच्या होडीचं ठाणं. सासरच्या प्रत्येक पंगतीत, दर वर्षी, उभ्या आयुष्यात तिने ते ऐकलं होतं. ती मागे गेली, डोह पुन्हा घेतला, वळण पुन्हा घेतलं. पुन्हा तेच आलं. कुडाआडून मिळवलेलं, कुणाचा एक शब्द आत येऊ न देता राखलेलं, असं ती ज्याला समजत होती त्यात तिच्या नकळत सासर येऊन बसलं होतं, आणि खरं नाव कुठे पडलं ते तिला सापडत नव्हतं. तिसऱ्यांदा तोंड उघडायचा धीर होईना.

कोपऱ्यातल्या एका बाईने हात तोंडाला लावला. जेनेरोसा हसण्याची वाट बघू लागली. हसले असते तर बरं झालं असतं, हिशेब तरी फिटला असता. कांदिदो अर्ध्या तोंडाने "आ, आ" करत होता, आणि तिला त्याचं सगळं कळायचं तरी ते कळेना. ओडिलियाने बाळाला घट्ट धरलं. तिला बोली येत नव्हती, पण होडी अडलीय हे तिला समजलं होतं, आणि तिचे डोळे एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर फिरत होते.

दारातून नाव आलं. वळणानंतरच्या खडकाचं, खरं. शेवटाला जरासं वर गेलेलं.

फाउस्तिनो उठून आत आला. आत्याच्या शेजारी बसला, वाडग्यावर बापाच्या हातावर हात ठेवला आणि तिथून होडी पुढे नेली. आवाज सुरुवातीला चिरका होता, मग तापला, आणि तोच हेल आला, अंगाईचा. दोन ठिकाणी तो चुकला. जेनेरोसाला दोन्ही चुका दाताखाली खडा यावा तशा लागल्या आणि तिने त्या गिळल्या. ज्यांना हसायची सवय होती ती माणसं सवयीने तिच्याकडे बघत होती. ती जमिनीकडे बघत होती. कुणी हसलं नाही. होडी धबधब्याला लागली, बाळाला नाव मिळालं, कांदिदोने धूर फुंकला आणि तो निम्मा त्याच्याच गालावरून मागे गेला. ओडिलिया तेवढ्यात रडायला लागली. मग सगळे उठले, बाळ-बाळंतिणीला नदीवर घेऊन निघाले.

जेनेरोसाने दारात भाच्याला गाठलं. आपल्या बोलीत म्हणाली, "फार चांगलं म्हटलंस रे बाळा. तुझ्या आजोबांनी ऐकायला हवं होतं."

त्याने तिच्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं. तुकानोत म्हणाला, "मासे वाढलेत, आत्या. जेवून घे. सकाळपासून उपाशी आहेस."

दुपारी पंगत रंगली. काशिरीचे वाडगे फिरत होते, क्लेतो व्याह्यांना जुन्या शिकारी सांगत होता. जेनेरोसाकडून आज कुणाला नाव मिळालं नाही. माणसांना चुकल्यासारखं होत होतं. ती उठून भावाकडे निघाली. घराच्या कुडाशी आली आणि आतून आवाज ऐकून जागीच थांबली.

आत फाउस्तिनो बोलत होता. बापाच्या बोलीत. बाळ त्याच्या मांडीवर असावं, कारण तो त्याला एकेक वस्तू दाखवत होता. ही झोळी. हा धूर. हे पणजोबांचे पाय, यांना गुदगुल्या होतात, बघायच्या का? कांदिदोचं अर्धं हसू ऐकू आलं. मग तो बाळाला कसलीशी माशाची गोष्ट सांगू लागला, मध्येच एका शब्दावर अडला, दोनदा चाचपडला, आणि बापाने अर्ध्या तोंडाने दिला तो शब्द त्याने पुन्हा नीट म्हटला. न लाजता. बाळ काही हसणार नव्हतं, आणि बाप तर कधीच हसला नव्हता.

लहानपणी उभी राहायची तशीच ती कुडाला कान लावून उभी होती. तेवढ्यात घरचा कुत्रा शेपूट हलवत आला आणि तिच्या पायांत घुसला. ती हलली. वाळकं पान वाजलं. आतला आवाज तिथल्या तिथे तुटला.

"कोण आहे?" तुकानोत.

ती श्वास रोखून उभी राहिली. कुत्र्याला पायाने हळूच ढकललं. तो आत गेला. "तू होय," फाउस्तिनो म्हणाला. बराच वेळ काही नाही. जेनेरोसाला वाटलं, गेलं ते, पुन्हा मी घालवलं. मग अगदी हळू आवाजात मासा पुन्हा पोहायला लागला.

ती आल्या पावली मागे फिरली. पंगतीत जाऊन क्लेतोच्या खांद्याला हात लावला.

"होडी काढ."

"आत्ता? काशिरी अर्धी आहे अजून. आणि महिनाभर राहायचं म्हणत होतीस."

"निघायचं."

"कुणी काय बोललं का तुला?"

"मी असले की बोलत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून निघायचं."

क्लेतोने वाडगा खाली ठेवला. मग तो घाटाकडे चालू लागला.

घरात शिरताना तिने मुद्दाम दारातूनच भावाला हाक मारली. आतला आवाज लगेच थांबला. कांदिदोने तिचं मनगट धरलं. कधी येशील, असं त्याने विचारलं. "पाणी उतरल्यावर," ती आपल्या बोलीत म्हणाली. पाणी उतरेपर्यंत तो राहणार नाही हे दोघांनाही दिसत होतं. त्याच्याशिवाय जगात तिला त्या बोलीत उत्तर देणारं कुणी नव्हतं. तरी तिने मनगट सोडवून घेतलं. त्याची बोटं घट्ट होती, एकेक करून सोडवावी लागली.

फाउस्तिनो घाटावर होडी ढकलायला आला. ती बसली. त्याने टोकाला हात लावला तेव्हा ती तुकानोत म्हणाली, "आत्याचं चुकलं, फाउस्तिनो. तेव्हा. चारचौघांत."

बापाच्या घरच्या माणसाशी परक्या बोलीत ती पहिल्यांदाच बोलत होती. त्याने तिच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"पाणी चढलंय," तो तुकानोत म्हणाला. "त्या वळणानंतरच्या खडकाच्या डावीकडून काढा."

आणि त्याने होडी ढकलली. घाट चढून घरी जाताना त्याने एकदाही मागे बघितलं नाही. बाळ रडत होतं, तो घाईत होता.

क्लेतोने वळणावर मोटर बंद केली आणि वल्ही घेतली. खडक उजव्या हाताला आला, पाण्याबाहेर जेमतेम पाठ काढून बसलेला. जेनेरोसाने त्याच्याकडे बघितलं आणि त्याचं नाव, सकाळी ऐन वेळी न सापडलेलं, आपसूक तिच्या जिभेवर आलं. ती ते मोठ्याने म्हणाली.

"काय म्हणालीस?" क्लेतोने विचारलं.

"काही नाही. तू वल्हव."

मग तिने ते नाव पुन्हा एकदा म्हटलं, शेवटाला जरासं वर नेऊन, फाउस्तिनो म्हणाला होता तसं, आणि तोंड मिटून घेतलं.